सवाई माधवराव पेशवे : एका चित्राच्या आधारें

गेल्या हिवाळ्यांत आमच्या नववीच्या वर्गाची सहल पुण्यास शनिवारवाडा पाहण्याकरितां गेली होती. तळवड्याहून पुणें तें काय दूर! तरीही वर्गांतील निम्म्याहून अधिक मुलांनीं तो वाडा आंतून कधीं पाहिलेला नव्हता. दिल्ली दरवाज्याचे अणकुचीदार खिळे पाहून मुलें प्रथम हर्षित झालीं. परंतु आंत पाऊल टाकल्यावर त्यांची थोडी निराशाच झाली. १८२८ सालच्या फेब्रुवारी महिन्यांत लागलेल्या आगीनें आंतील महाल व दिवाणखाने भस्म होऊन गेले, आणि आज तेथें तटबंदी, दरवाजे व उघडीं जोतीं एवढेंच काय तें उरलें आहे. नारायणरावांच्या खुनाची कथा व तिला चिकटलेली भुताखेतांची भाकड हकीकत प्रत्येकास तोंडपाठ होती. पण त्या खुनानंतर साडेसात महिन्यांनीं जन्मलेल्या त्यांच्या मुलाविषयीं कोणींच कांहीं विचारलें नाहीं.

परततांना एका मुलानें इतिहासाच्या पुस्तकांतील एक चित्र उघडून माझ्यापुढें धरलें. चित्रांत दोन पुरुष बैठकीवर बसलेले आहेत. एक कोवळ्या वयाचा व रत्नमोत्यांनीं मढलेला, दुसरा प्रौढ, कृश व साध्या शुभ्र पोशाखाचा. मुलानें विचारलें कीं, ह्या दोघांपैकीं पेशवा कोणता? इतर मुलें खो खो हंसलीं. कारण दागिन्यांवरून तें उघडच होतें. मला मात्र हंसूं आलें नाहीं. ज्या तरुणाचें तें चित्र आहे त्याच्या एकवीस वर्षांच्या आयुष्याचा सारा प्रश्न त्या मुलानें नकळत विचारला होता. गाडींतल्या गोंगाटांत मीं दिलेलें उत्तर अपुरें राहिलें, तें येथें पुरें करितों.

३० ऑगस्ट १७७३ रोजीं नारायणराव पेशवे आपल्याच वाड्यांत गारद्यांकडून मारले गेले, त्या वेळीं त्यांची पत्नी गंगाबाई गरोदर होत्या. ज्यांचें नांव त्या कटाशीं जोडलें गेलें ते चुलते रघुनाथराव गादीवर आले. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनीं त्यांस दोषी ठरविलें व पुणें सोडलें. राज्यांतील कर्त्या कारभाऱ्यांसही हा प्रकार मानवला नाहीं. सखारामबापू बोकील, नाना फडणीस, हरिपंत फडके, त्रिंबकराव पेठे इत्यादि मंडळींनीं एकत्र येऊन, रघुनाथराव मोहिमेवर बाहेर असतांना, गंगाबाईंस १७७४ च्या जानेवारींत पुरंदर किल्ल्यावर नेलें आणि त्यांच्याच नांवानें राज्य चालविण्यास आरंभ केला. हेच इतिहासांतील बारभाई.

वाचकहो, त्या तीन महिन्यांचें चित्र डोळ्यांपुढें आणून पाहा. समुद्रसपाटीपासून सुमारें साडेचार हजार फूट उंचीच्या गडावर एक नुकतीच विधवा झालेली तरुण स्त्री प्रसूतीची वाट पाहत आहे, आणि अटकेपर्यंत ज्याचें नांव गेलें असें एक राज्य तिच्याबरोबर वाट पाहत आहे. मुलगा झाला तर बारभाईंचा पक्ष टिकणार. मुलगी झाली तर रघुनाथरावांस अडविणारें कोणीच उरत नाहीं. मार्चमध्यें त्रिंबकराव पेठे रघुनाथरावांशीं झालेल्या लढाईंत पंढरपुराजवळ कामास आले. अशा धामधुमींत १८ एप्रिल १७७४ रोजीं गंगाबाईंस पुत्र झाला. चुलते थोरले माधवराव यांच्यावरून त्याचें नांव माधवराव ठेविलें, व त्यांच्याहून सवाई म्हणून तें विशेषण पुढें लागलें. मूल चाळीस दिवसांचें झालें तोंच साताऱ्याच्या छत्रपतींकडून पेशवाईचीं वस्त्रें गडावर आलीं. पाळण्यांतील बाळाच्या अंगावर तीं कशीं घातलीं असतील तें कोण जाणे. पण त्या दिवसापासून त्या बाळाला साधें मूल होण्याची मोकळीक राहिली नाहीं, एवढें निश्चित.

पवित्र शास्त्र वाचणाऱ्यांस येथें योवाश राजाची आठवण झाल्यावांचून राहणार नाहीं. अथल्येनें सर्व राजवंशाचा उच्छेद आरंभिला असतां योवाशाच्या आत्यानें त्या तान्ह्या मुलाला चोरून नेलें, तो सहा वर्षें मंदिरांत लपून राहिला, आणि यहोयादा याजकानें सातव्या वर्षीं त्याला सिंहासनावर बसविलें. यहोयादा जिवंत होता तोंवर राजा नीट वागला. तो वारल्यावर मात्र राजाचा पाय घसरला. पालकाच्या डोळ्यांनीं पाहण्याची संवय ज्याला लागते, त्याला पालक गेल्यावर आपले डोळे उघडतां येत नाहींत, असा त्या कथेचा अर्थ मी मुलांस सांगत आलों आहें. पुण्याच्या कथेंत मात्र पालक मागें राहिला आणि मुलगाच आधीं गेला.

त्या पालकाचें नांव बाळाजी जनार्दन ऊर्फ नाना फडणीस. बारभाईंपैकीं कोणी मेले, कोणी मागें पडले, सखारामबापूंसारख्यांस तर कैदेंत जावें लागलें. शेवटीं सर्व सूत्रें नानांच्याच हातीं एकवटलीं. माधवराव जन्मले तेव्हां नाना बत्तीस वर्षांचे होते. मुलाच्या वाट्यास आई तरी किती आली? १७७७ सालीं, म्हणजे मूल तीन वर्षांचें असतांनाच, गंगाबाई वारल्या. बाप त्यानें पाहिलाच नव्हता.

इकडे रघुनाथरावांनीं मुंबईकर इंग्रजांचा आश्रय घेतला होता. १७७५ च्या सुरतेच्या तहापासून १७८२ च्या सालबाईच्या तहापर्यंत जें युद्ध झालें तें सगळें सांगण्याचें हें स्थळ नव्हे. परंतु त्यांतील एक प्रकरण आपल्या उंबरठ्यावरचें आहे. ज्या इंद्रायणीच्या कांठीं आपण राहतों तीच नदी कार्ल्याच्या व वडगांवच्या परिसरांतून खालीं वाहत येते. १७७९ च्या जानेवारींत रघुनाथरावांस पुण्याच्या गादीवर बसविण्याकरितां इंग्रजांचें सैन्य बोरघाट चढून ह्याच मावळांत उतरलें. बरोबर हजारों बैल व अवजड सामान, त्यामुळें चाल अगदीं मुंगीची. कार्ल्याजवळ कॅप्टन स्ट्युअर्ट नांवाचा त्यांचा शूर अधिकारी पडला. शत्रूच्याही शौर्याचें कौतुक करणाऱ्या आपल्या लोकांनीं त्याला इष्टुर फाकडा असें नांव दिलें, आणि त्याचें स्मारक वडगांवास आहे. सैन्य तळेगांवीं पोंचलें तों गांव जळालेलें व ओस. खायला दाणा नाहीं, जनावरांस वैरण नाहीं. जड तोफा तेथल्या तळ्यांत ढकलून रातोरात त्यांनीं माघार घेतली, आणि वडगांवास मराठ्यांनीं त्यांस चहूंकडून वेढून तह लिहून घेतला. ज्याच्या नांवानें हें सारें चाललें होतें तो पेशवा त्या वेळीं पांच वर्षांचाही नव्हता. पुण्याकडे येणारे आणि पुणें राखणारे, दोघांच्याही तोंडीं त्याचा हक्क होता. त्याला मात्र त्या वयांत लाकडी घोडाच पुरेसा झाला असता.

सालबाईच्या तहानें इंग्रजांनीं माधवरावांस पेशवा म्हणून मान्य केलें. रघुनाथराव नेमणूक घेऊन गोदावरीकांठीं कोपरगांवास जाऊन राहिले व १७८३ च्या अखेरीस तेथेंच वारले. त्याच वर्षाच्या फेब्रुवारींत पुण्यांत पेशव्यांचें लग्न झालें. नवरदेवास नववें वर्ष चालू, नवरी थत्ते घराण्यांतील रमाबाई त्यांच्याहूनही लहान. लग्नाच्या व्यवस्थेविषयीं नानांनीं केलेल्या याद्या प्रसिद्ध आहेत. पंक्ति कशा मांडाव्या, पानावर काय कोठें वाढावें, पाहुण्यांस कोणीं सामोरें जावें, गंध-अत्तर कोणीं द्यावें, इतकेंच नव्हे तर गर्दी, आग व चोरी यांचा बंदोबस्त कोणीं पाहावा, ह्या सर्वांची त्यांत तजवीज आहे. त्या याद्या वाचतांना नानांच्या बुद्धीची धन्यता वाटते. इतक्या बारकाईनें ज्याच्यासाठीं पाहिलें जातें त्या मुलाला स्वतः कांहीं निवडण्यास मग उरतें काय, हाही विचार मागाहून मनांत येतो.

लहानपणीं माधवरावांनीं मनापासून जीव लावला असेल तर तो प्राण्यांवर. पर्वतीच्या पायथ्याशीं त्यांचा शिकारखाना होता. सिंह, गेंडा, वाघ, नाना जातींचीं हरणें तेथें पाळलेलीं असत, व परदेशी पाहुणे तो मुद्दाम पाहावयास जात. कांहीं काळवीट वाद्यांच्या सुरांनीं इतके माणसाळले होते कीं, संगीत सुरू होतांच ते रमण्यांतून जवळ येत व झोपाळ्यावर उभे राहून झोके घेत, असें समकालीन इंग्रज पाहुण्यांनीं लिहून ठेविलें आहे. गंगाराम चिंतामण तांबट नांवाच्या पुण्याच्या कलावंतानें १७९० सालीं त्या शिकारखान्यांतील गेंड्याचें चित्र काढलें, तें आज अमेरिकेंत येल विश्वविद्यालयाच्या संग्रहालयांत आहे. गेंड्याच्या अंगावरील एकूण एक घडी त्यानें अशा निष्ठेनें टिपली आहे कीं, कलावंत त्या जनावरापुढें बराच वेळ बसला असला पाहिजे.

गंगाराम हा तांबट कारागीर असून पाश्चात्य पद्धतीचा चित्रकार कसा झाला, ही हकीकत आपल्या चित्राशीं निगडित आहे. १७८६ पासून पुण्यांत इंग्रजांचे वकील चार्ल्स मॅलेट हे संगमावरील बंगल्यांत राहत असत. त्यांस लेणीं व चित्रें यांचा मोठा नाद. त्यांच्या उत्तेजनानें व पेशव्यांच्या आश्रयानें शनिवारवाड्यांत चित्रकलेची एक शाळा निघाली, आणि गंगाराम हा तिचा नांव घेण्याजोगा विद्यार्थी. त्यानें वेरूळ व कार्लें येथील लेण्यांचीं चित्रें काढलीं. जहांगीर कलादालनें व कलाशाळा यांच्या दिवसांत वाढलेल्या आपणांस हें सामान्य वाटेल. पण वयाच्या सोळाव्या-सतराव्या वर्षीं असलेल्या पेशव्याच्या वाड्यांत, मुंबईस कोणतीही कलाशाळा निघण्यापूर्वीं साठ-पाऊणशें वर्षें, हा प्रयोग झाला आहे.

१७९१ सालीं जेम्स वेल्स नांवाचा स्कॉटिश चित्रकार मुंबईस उतरला. जन्म पीटरहेड ह्या समुद्रकांठच्या गांवचा, शिक्षण ॲबर्डीनचें. मॅलेट यांच्या ओळखीनें तो १७९२ सालीं पुण्यास आला, आणि त्यानें नाना, महादजी शिंदे व स्वतः पेशवे यांचीं चित्रें काढलीं. पेशवे व नाना यांस एकत्र दाखविणारें मोठें तैलचित्र, जें त्या मुलानें माझ्यापुढें धरलें होतें, तें हेंच. मूळ चित्र आज लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटींत आहे.

आपल्याकडील जुने चितारी राजेरजवाड्यांचें मुख बहुधा एका बाजूनें काढीत. नाक, एक डोळा, मिशीची रेघ, मस्तकामागें तेजोवलय. तें चित्र पाहणाऱ्याकडे पाहत नसे. माणसास समोर बसवून, एका बाजूनें उजेड पाडून, गालाची गोलाई व डोळ्यांतील भाव छायाप्रकाशानें उठविण्याची जी रीत, ती मुळांत इटलींत वाढीस लागली व तेथून साऱ्या युरोपांत पसरली. अठराव्या शतकाच्या आरंभीं व्हेनिस शहरांतील रोझाल्बा कारिएरा नांवाची एक स्त्री ह्या कलेंत युरोपभर गाजली होती. ती रंगीत खडूंनीं चित्रें काढी. १७२० सालीं ती पॅरिसला गेली असतां तिनें फ्रान्सचा राजा पंधरावा लुई याचें चित्र काढलें. राजा तेव्हां दहा वर्षांचा पोर होता. दोन वर्षांचा असतांना त्याचे आईबाप व वडील भाऊ गोंवरानें गेले, पांचव्या वर्षीं पणजोबा वारले व हा गादीवर आला, आणि त्याच्या नांवानें ऑर्लेआंचा ड्यूक फिलिप राज्य पाहूं लागला. त्या इटालियन बाईच्या चित्रांत राजवैभव आहे, पण पाहणाऱ्याची दृष्टि वैभवावरून सरकून त्या मऊ, कांहींशा एकाकी तोंडावर जाऊन थांबते. पुढें ती बाई आंधळी झाली व १७५७ सालीं वारली. तिनें रंगविलेला राजा मात्र पुष्कळ जगला. तो १० मे १७७४ रोजीं वारला, म्हणजे पुरंदरावर आपल्या पेशव्याचा जन्म होऊन त्या दिवशीं बावीस दिवस झाले होते.

हे दोन पोरके धनी मीं मुद्दाम जवळजवळ ठेविले आहेत. लुईला तेराव्या वर्षीं वयांत आल्याचें जाहीर करून राज्य त्याच्या हातीं देण्यांत आलें. त्याचा त्यानें काय उपयोग केला हें फ्रान्सच्या इतिहासांत पाहावें; फारसा चांगला केला नाहीं. पण तो बिघडला तो आपल्या हातानें. वेल्सच्या समोर बसलेले माधवराव अठरा वर्षांचे झाले होते, आणि तरीही चित्रांत त्यांचे पालक शेजारीं आहेतच. चित्रकारानें दोघांनाही प्रामाणिकपणें रंगविलें आहे. पेशव्यांच्या अंगावर मोत्यांच्या माळा व जडावाचे अलंकार आहेत, तोंडावर मिसरूड फुटल्याचेंही फारसें दिसत नाहीं, आणि नजर सौम्य आहे. नाना अलंकारहीन आहेत. पण त्या चेहऱ्यावरील जागरूकता चित्र पाहणाऱ्यासही क्षणभर सावरून बसावयास लावते. मागें सेवक उभे आहेत. पेशवा कोणता, हें दागिने सांगतात. राज्य कोणाचें, हें चेहरे सांगतात.

ज्या वर्षीं वेल्स पुण्यास आला त्याच वर्षाच्या जून महिन्यांत महादजी शिंदे उत्तरेंतून आले. दिल्लीच्या बादशहाकडून पेशव्यांसाठीं वकील-इ-मुतलकीचा किताब त्यांनीं आणिला होता. किताब अर्पण करण्याचा समारंभ मोठ्या थाटानें झाला. हिंदुस्थानांत ज्याच्या फौजेला तोड नाहीं असा तो सेनापति पेशव्यांपुढें सर्व मानकऱ्यांच्या खालीं बसला, आणि आपण पेशव्यांच्या जोड्याचे चाकर असें दाखवून त्यानें त्यांच्यापुढें नवे जोडे ठेविले. कोणी ह्यांत नम्रता पाहतात, कोणी कावा. दोन्ही असतील. परंतु महादजींच्या सहवासांत तरुण पेशवे खुलले, एवढें खरें. ते त्यांस शिकारीला नेत, मोकळेपणानें बोलत, उत्तरेकडील हकीकती सांगत. वाड्यांत ज्याला पाऊल टाकण्यापूर्वीं विचारावें लागे त्याला रानांत घोडा फेंकावयास मिळूं लागला. नानांस हें रुचणें शक्य नव्हतें. १७९३ च्या आरंभीं रमाबाई वारल्या व लगेच यशोदाबाईंशीं दुसरें लग्न झालें; १७९४ च्या फेब्रुवारींत महादजी वानवडीच्या तळावर एकाएकीं निवर्तले; त्याच वर्षीं हरिपंत फडकेही गेले. रामशास्त्री तर १७८९ सालींच गेले होते. तरुण धन्यास सरळ बोलूं शकेल असें वडील माणूस आतां नानांवांचून राहिलें नाहीं.

ह्या मुलाला स्वतःची बुद्धि होती काय? होती, व ती चांगली होती, असें मला वाटतें. ११ मार्च १७९५ रोजीं खर्ड्याच्या लढाईंत मराठ्यांनीं निजामाचा पराभव केला. पेशव्यांच्या निशाणाखालीं सगळे मराठे सरदार एकत्र जमल्याचा तो शेवटचा प्रसंग. निजामाचा दिवाण मशीरुल्मुल्क छावणींत स्वाधीन केला गेला, आणि जिकडे तिकडे जयघोष चालला. तेव्हां पेशव्यांचें तोंड उतरलेलें पाहून नानांनीं कारण विचारलें. ग्रँट डफ या इतिहासकारानें लिहिलें आहे कीं, मोगलांनीं इतकी लज्जास्पद शरणागति पत्करावी आणि आपल्या शिपायांनीं विनासायास मिळालेल्या जयाची इतकी फुशारकी मारावी, ही दोन्ही पक्षांची घसरण पाहून मला वाईट वाटतें, अशा अर्थाचें उत्तर त्या वीस वर्षांच्या तरुणानें दिलें. जयाच्या दिवशीं असा विचार सुचणें हें थोराचें लक्षण आहे. आठ वर्षांनीं, इंग्रजांपुढें, तीच घसरण साऱ्या जगास दिसली.

आतां जें सांगावयाचें तें मुलांच्या मासिकांत सांभाळूनच सांगितलें पाहिजे. रघुनाथरावांचे पुत्र बाजीराव हे माधवरावांहून अवघ्या नऊ महिन्यांनीं लहान. बापाच्या अपराधाकरितां नानांनीं त्यांस भावांसह शिवनेरीवर अटकेंत ठेविलें होतें. बाजीराव देखणे, घोड्यावर पक्के, विद्येंत तरबेज, असें त्यांचें वर्णन माधवरावांच्या कानीं येई. वाड्यांतला मुलगा आणि किल्ल्यावरला मुलगा, दोघेही कैदीच. फरक तो भिंतींचा. दोघांमध्यें चोरून पत्रव्यवहार सुरू झाला. नानांस तें कळलें. पत्रें पोंचविणारा बळवंतराव कैदेंत पडला, शिवनेरीवरील पहारे कडक झाले, आणि पेशव्यांसही नानांचे कठोर शब्द ऐकावे लागले.

नानांस येथें एकदम दोष देण्यास माझें मन धजत नाहीं. ज्यानें त्या मुलाच्या बापाचा खून झालेला पाहिला, ज्यानें आठ वर्षें त्या मुलाच्या शत्रूशीं युद्ध केलें, त्यानें शत्रूच्या पुत्राचीं पत्रें थांबविलीं तर त्यांत आश्चर्य काय? आणि पुढें बाजीराव कसे निघाले हें आपण जाणतोंच. नानांची पारख खोटी नव्हती. नानांस स्वतःचा वंश चालविणारा पुत्र नव्हता. त्यांची सारी चिंता, सारी माया ह्या एका मुलाच्या रक्षणांत गेली असेल. पण रक्षण व विश्वास ह्या दोन वेगळ्या वस्तु आहेत. मीही कांहीं वर्षें एका वसतिगृहाचा पालक होतों. रात्रीं मुलांचे मोबाईल जमा करून घेण्याची तेथें रीत होती. एकदां एका मुलाच्या मोबाईलवर आलेले त्याच्या मित्राचे संदेश मीं वाचले व त्यावरून त्याला चार मुलांदेखत बोललों. माझा संशय खरा होता. मुलगा एक अक्षर उलट बोलला नाहीं, नंतरही वर्षभर अदबीनें वागला. पण पूर्वीं सायंकाळीं गणित विचारावयास माझ्या खोलींत येई, तें त्यानें सोडलें. नानांचें चरित्र वाचतांना मला तो मुलगा आठवतो.

१७९५ चा दसरा झाला. पेशवे मिरवणुकींत व दरबारांत दिसले, परंतु प्रकृति ठीक नव्हती. अंगांत ताप होता व मन उदास होतें. २५ ऑक्टोबर रोजीं ते वाड्याच्या वरच्या मजल्यावरून खालीं कोसळले. हाडें मोडलीं, खालच्या कारंज्याच्या तोटीनें जखमा झाल्या. त्यांनीं जाणून उडी टाकली असें ग्रँट डफ लिहितो; पुढील संशोधक तापाच्या भ्रमाकडे बोट दाखवितात. मुलें हा प्रश्न मला दरवर्षीं विचारतात, आणि मी त्यांस सांगतों कीं, तापलेल्या डोक्याच्या रोग्याजवळ त्या क्षणीं हात धरावयास कोणी नव्हतें, ही गोष्ट दोन्ही पक्षांस मान्य आहे. दोन दिवसांनीं, २७ ऑक्टोबरला, हरिपंतांचे पुत्र बाबा फडके यांच्या मांडीवर त्यांनीं प्राण सोडला. आपल्यामागें बाजीरावांस गादी द्यावी अशी त्यांनीं इच्छा दर्शविली, असें सांगतात. कधीं न पाहिलेल्या त्या चुलत चुलत्याविषयींच त्यांनीं शेवटीं कांहीं मागितलें.

नानांनीं वर्षभर दुसरा मार्ग शोधला, पण १७९६ च्या डिसेंबरांत बाजीरावच पेशवे झाले. नाना मार्च १८०० मध्यें वारले. १८१८ सालीं पेशवाई संपली.

चित्रकार वेल्स याचीही गोष्ट येथेंच पुरी करावी. पेशवे वारले त्या दिवसांत तो साष्टी बेटावरील कान्हेरीच्या लेण्यांत चित्रें काढीत होता. तेथील रोगट हवेनें त्याला ताप आला, आणि नोव्हेंबर १७९५ मध्यें, म्हणजे पेशव्यांच्या मागोमाग थोड्याच आठवड्यांत, तोही गेला. त्याच्या मागें पोरक्या मुली राहिल्या. त्यांपैकीं सुझॅना हिच्याशीं मॅलेट यांनीं १७९९ सालीं इंग्लंडांत विवाह केला. १७९० सालीं टिपूविरुद्ध झालेल्या तहाच्या वेळचा पुण्याचा दरबार वेल्सच्या मनांतून रंगवावयाचा होता, व त्यासाठीं त्यानें अनेक टिपणचित्रें करून ठेविलीं होतीं. तीं सर्व टॉमस डॅनियल नांवाच्या चित्रकाराच्या हातीं देण्यांत आलीं. त्यानें त्यांवरून एक विशाल चित्र पुरें करून १८०५ सालीं लंडनच्या रॉयल ॲकॅडमींत मांडलें. तें आज तेथील टेट संग्रहालयांत आहे. चित्र प्रदर्शनांत लागलें तेव्हां पेशव्यांस जाऊन दहा वर्षें, नानांस जाऊन पांच वर्षें झालीं होतीं. मॅलेट तहाचा कागद सादर करीत आहेत, दरबार भरलेला आहे, गादीवर सोळा वर्षांचे माधवराव बसले आहेत, आणि नाना त्यांच्या जवळच आहेत.